पियुषिका ग्रंथीचे विकार व संप्रेरकांची उणीव : कडाव (ता. कर्जत, जि. रायगड) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील कडाव हे भातशेतीच्या पट्ट्यात वसलेले गाव होय. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, परिसरात ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत, आणि कर्जत स्थानकातून लोकल गाडीने सुमारे दोन तासांत दादर-परळ गाठता येते. परळ येथील केईएम रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचा स्वतंत्र व नामांकित विभाग आहे. म्हणजे तज्ज्ञांचे उपचार तसे फार दूर नाहीत. तथापि मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीचा रुग्ण कडावसारख्या गावातून त्या विभागापर्यंत पोहोचायचा, तर आधी कोणाला तरी या विकाराची शंका यावी लागते, आणि नेमके तेच क्वचित घडते.

याचे कारण असे की, ही ग्रंथी निकामी झाल्याची लक्षणे दिसायला अगदी सामान्य असतात. बाळंतपणानंतर कायमची खंगलेली स्त्री, सर्पदंशातून वाचूनही पुन्हा पूर्वीसारखा उभा न राहिलेला शेतमजूर आणि वर्गातील सर्वांत बुटके मूल, या तिघांच्या अवस्थेला समाजात वेगवेगळी नावे आहेत. पहिलीला ‘बाळंतरोग’ म्हणतात, दुसऱ्यात ‘विषाची कसर’ राहिली असे मानतात आणि तिसऱ्याची नोंद कुपोषित म्हणून होते. ही नावे बहुतेक वेळा बरोबरही असतात. परंतु काही रुग्णांत या तिन्ही नावांआड एकच ग्रंथी दडलेली असते, आणि ती ओळखण्यास महागड्या यंत्रांपेक्षा योग्य प्रश्न विचारण्याची अधिक गरज असते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

ग्रंथीची रचना व कार्य

प्रौढ माणसात पियुषिका ग्रंथीचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम भरते. कवटीच्या तळाच्या हाडात घोड्याच्या खोगिरासारखा एक खळगा असतो. त्यात ती बसलेली असून एका बारीक देठाने मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागाशी जोडलेली असते. मेंदूतील कफ नाकावाटे बाहेर टाकणे हे या ग्रंथीचे काम, असा प्राचीन युरोपीय वैद्यांचा समज होता व तिचे लॅटिन नावही कफावरूनच पडले. मराठीतील ‘पियुषिका’ या नावाने मात्र ‘पीयूष’ या संस्कृत शब्दाची आठवण होते. पीयूष म्हणजे अमृत, तसेच नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिले दूध. बाळंतिणीला दूध न येणे हे या ग्रंथीच्या निकामीपणाचे एक आद्य लक्षण आहे, हे लक्षात घेता हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. मराठी विश्वकोशाने स्वीकारलेले ‘पोष ग्रंथी’ हे नावही तिच्या कार्याला साजेसे आहे.

ग्रंथीचे पुढचा व मागचा असे दोन खंड असतात. पुढच्या खंडातून सहा प्रमुख संप्रेरके स्रवतात. वृद्धी संप्रेरक मुलांची उंची वाढवते व मोठेपणी स्नायू, चरबी आणि हाडे यांचा समतोल राखते. अवटू ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक टीएसएच या नावाने परिचित आहे. अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे एसीटीएच हे संप्रेरक शरीरात कॉर्टिसॉल तयार करविते; कॉर्टिसॉलवाचून माणूस साधा ताप किंवा अपघातसुद्धा सहन करू शकत नाही. आणखी दोन संप्रेरके अंडाशय व वृषण यांचे नियमन करतात, तर प्रोलॅक्टिन हे दुग्धोत्पादनास कारणीभूत होते. मागच्या खंडातून बाहेर पडणारी दोन संप्रेरके प्रत्यक्षात हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतात. त्यांपैकी एक लघवीचे प्रमाण मर्यादित ठेवते, तर दुसरे, म्हणजे ऑक्सिटोसिन, प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे आकुंचन घडविते.

पुढच्या खंडाला रक्त मिळण्याची व्यवस्था जरा वेगळी आहे. हे रक्त बव्हंशी थेट धमनीतून न येता हायपोथॅलॅमसमधील केशवाहिन्यांतून फिरून, कमी दाबाच्या शिरांवाटे येते. या मार्गाने हायपोथॅलॅमसचे रासायनिक आदेश ग्रंथीपर्यंत पोहोचतात. त्या आदेशांची रासायनिक ओळख पटविल्याबद्दल रॉजर गियमाँ व अँड्र्यू शॅली यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. परंतु याच कमी दाबाच्या व्यवस्थेमुळे शरीरातील रक्तदाब एकाएकी कोसळला की या ग्रंथीला इतर अवयवांच्या मानाने लवकर इजा होते. पुढील दोन्ही प्रकार समजून घेताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

बाळंतपणातील रक्तस्राव

गरोदरपणात प्रोलॅक्टिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या वाढून पियुषिका ग्रंथी बरीच मोठी होते. खळगा मात्र तेवढाच राहतो. अशा वेळी प्रसूतीत अतोनात रक्तस्राव होऊन स्त्रीचा रक्तदाब कोसळला, तर वाढलेल्या ग्रंथीला रक्त अपुरे पडते व तिचा पुढचा खंड अंशतः किंवा पूर्णतः मृत होतो. ग्लासगो येथील विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. म्हणून त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात.

लक्षणांचा क्रम बोलका असतो. प्रथम अंगावर दूध येत नाही. घरची वडीलधारी माणसे अळिवाची खीर, डिंकाचे लाडू देऊन पाहतात आणि शेवटी बाळाला वरचे दूध सुरू होते. नंतर पाळी परत येत नाही. पण पाजणाऱ्या बाईला काही महिने पाळी येत नसल्याने त्याचे कोणाला नवल वाटत नाही, आणि ही बाई तर पाजतही नाही, हा विरोध कोणाच्या लक्षात येत नाही. काखेतील व जांघेतील केस विरळ होत जातात. थंडी सोसवत नाही, आवाज जड होतो, त्वचा फिकट, कोरडी व बारीक सुरकुत्यांची दिसते. भूक मंदावते, उभे राहताच चक्कर येते. वर्षांमागून वर्षे अशीच जातात. मग एखाद्या पावसाळ्यात साध्या तापाचे किंवा जुलाबाचे निमित्त होते आणि ती बेशुद्धावस्थेत दवाखान्यात आणली जाते; तपासणीत रक्तातील साखर व सोडियम दोन्ही घसरलेली आढळतात. प्रसूती व निदान यांमध्ये दहा-पंधरा वर्षांचे अंतर असणे या विकारात नित्याचे आहे.

पाश्चात्त्य देशांत सुधारलेल्या प्रसूतिसेवेमुळे हा विकार दुर्मिळ झाला. भारतात तो तसा दुर्मिळ नाही. काश्मीर खोऱ्यात झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, वीस वर्षांवरील बाळंत झालेल्या स्त्रियांत त्याचे प्रमाण सुमारे ३ टक्के असल्याचा अंदाज मांडला गेला. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण स्त्रिया घरी बाळंत झालेल्या होत्या. हे प्रमाण कोकणाला जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. परंतु घरची प्रसूती व रक्तस्रावावर वेळेवर उपचार न होणे ही त्यामागील परिस्थिती सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांनाही अपरिचित नव्हती.

येथे एक आक्षेप संभवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के असलेले संस्थात्मक प्रसूतीचे प्रमाण २०१९-२१ पर्यंत सुमारे ९५ टक्क्यांवर पोहोचले. मग हा प्रश्न आता इतिहासजमा झाला नाही काय? नव्याने होणाऱ्या रुग्णांपुरते हे बरेचसे खरे आहे. परंतु ज्या स्त्रिया पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सुईणीच्या हातून, पावसाळ्यात ओढा ओलांडता न आल्यामुळे घरीच बाळंत झाल्या, त्या आज पन्नाशीच्या आसपास आहेत. पाळी नसणे हे या वयात स्वाभाविक मानले जाते, थकवा रक्तक्षयाच्या खाती जमा होतो, आणि निदानाची शेवटची खूणही पुसली जाते. अशा स्त्रीला विचारावयाचा प्रश्न एकच आहे : “शेवटच्या बाळंतपणात फार रक्त गेले होते का, आणि त्यानंतर दूध आले होते का, पाळी आली होती का?” या तीन अंगांच्या एका प्रश्नाला जेवढे निदानमूल्य आहे, तेवढे फार थोड्या महागड्या चाचण्यांना असेल.

घोणसदंशानंतरची दुर्बलता

सर्पदंशाचा आणि मेंदूतील ग्रंथीचा संबंध प्रथमदर्शनी दूरान्वयाचा वाटतो. तो तसा नाही. नाग व मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर परिणाम करते; घोणस व फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडविते. घोणसाच्या विषामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, गोठण्याचे घटक संपून जातात, मग जागोजागी रक्तस्राव होतो आणि रक्तदाब खाली येतो. मूत्रपिंडे बंद पडणे हा यातील सर्वपरिचित उपद्रव. परंतु ज्या कारणांनी मूत्रपिंडे बंद पडतात, त्याच कारणांनी पियुषिका ग्रंथीतही रक्तस्राव किंवा पेशीमृत्यू होऊ शकतो.

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचे काम ब्रह्मदेशात झाले. तेथील भातशेतीत घोणसाचा दंश हे मृत्यूचे एक मोठे कारण होते. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तुन पे, डेव्हिड वॉरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, घोणसदंशातून वाचलेल्या काही रुग्णांत पुढे अगदी शीहान सिंड्रोमसारखेच चित्र दिसते. काहींत तर दंशानंतर काही दिवसांतच रक्तदाब व साखर कोसळून ते उघड होते. भारतातून केरळमधील अशा रुग्णांची नोंद १९७६ मध्येच झाली होती, आणि २०११ मध्ये श्रीलंकेतूनही अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. ब्रह्मदेशातील घोणस व भारतातील घोणस या आता दोन वेगळ्या जाती मानल्या जातात. तरी हा उपद्रव दोन्हींमुळे होतो.

रायगड जिल्ह्याच्या संदर्भात हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो. विंचूदंश व सर्पदंश यांच्या अभ्यासात महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयात राहून केलेले कार्य जगभर नावाजले गेले. पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशाच्या स्वरूपावरील त्यांचा लेख २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली. महाड जिल्ह्याच्या दक्षिणेस, कर्जत उत्तरेस. पण शेत, पाऊस आणि साप तेच. कर्जत तालुक्यात भिवपुरी येथील टाटांच्या वीजगृहातून सोडलेल्या पाण्यावर उन्हाळी भातही होतो. म्हणजे लावणी, बेणणी व कापणी ही वाकून, बहुधा अनवाणी करावयाची कामे येथे वर्षातून एकाहून अधिक वेळा येतात. भाताच्या खाचरात उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस येते. बांधावरची उंदरांची बिळे खणून ते पकडणे हा कातकरी समाजाच्या उपजीविकेचा जुना भाग असल्याने हा धोका त्यांच्या वाट्याला अधिक येतो.

देशपातळीवर पाहता, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते योग्यच आहे. परंतु सर्पदंशाची चर्चा ‘वाचला की दगावला’ या द्वंद्वावर थांबते, ही उणीव नमूद करणे भाग आहे. वाचलेल्याचे पुढे काय होते, याची नोंद ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. ज्या रुग्णाला घोणसदंशानंतर डायलिसिस करावे लागले, त्याला काही महिन्यांनी पुन्हा बोलावून थकवा, भूक, कामेच्छा, दाढीची वाढ आणि स्त्री असल्यास पाळी यांविषयी विचारणे, व सकाळच्या कॉर्टिसॉलची एक तपासणी करणे एवढे पुरेसे असते. पुरुष रुग्णाच्या बाबतीत तर हा विचार सहसा कोणाच्या मनातही येत नाही. ‘दाढी आता पंधरा दिवसांतून एकदा केली तरी चालते’ हे वाक्य न्हाव्याच्या कानी पडते, वैद्याच्या नाही.

खुरटलेले मूल

बालकांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण आदिवासी वाड्यांवरील कुपोषण हे वास्तव आहे व बुटक्या मुलांपैकी बहुसंख्य मुले खरोखरच अपुरे अन्न, वारंवार होणारे आजार, रक्तक्षय किंवा आनुवंशिक ठेवण यांमुळे बुटकी असतात. वृद्धी संप्रेरकाची उणीव त्यांतील थोड्यांतच असते. म्हणून प्रत्येक बुटक्या मुलाला संप्रेरकाची तपासणी सांगणे जितके अयोग्य, तितकेच प्रत्येकाला कुपोषित ठरवून मोकळे होणेही अयोग्य.

दोहोंतील फरक सांगणाऱ्या काही खुणा आहेत. कुपोषणात आधी वजन घटते व मग उंची खुंटते. मूल हडकुळे दिसते. वृद्धी संप्रेरकाच्या उणिवेत उंची खुंटते, पण वजन त्या मानाने टिकून राहते. पोटावर व छातीवर चरबी असते, चेहरा गोल व बाहुलीसारखा राहतो, आवाज बारीक असतो, आणि सात-आठ वर्षांचे मूल चार वर्षांचे वाटते. अवयवांचे परस्पर प्रमाण मात्र योग्य असते व बुद्धी शाबूत असते. जन्माच्या वेळी लांबी साधारण असते. वाढ मंदावते ती नंतर. शालेय वयात वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी उंची वाढणे हे धोक्याचे चिन्ह समजले जाते. ग्रंथीची सर्वच संप्रेरके जन्मतः कमी असतील, तर नवजात अर्भकात साखर वारंवार घसरणे, कावीळ लांबणे व मुलग्यांत शिश्न फारच लहान असणे ही लक्षणे दिसतात. अशी अर्भके निदानाअभावी दगावण्याचा संभव असतो.

यावरून स्पष्ट होईल की, एकदाच मोजलेली उंची फारसे काही सांगत नाही. सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या अंतराने केलेली दोन मोजमापे बरेच काही सांगतात. पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे आलेख आणि त्यावरील वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे आलेख वापरले जातात. हे दुसरे आलेख सिद्ध करण्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर व त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. अंगणवाडीत मोजमापे होतात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथेच सुरू झाला. अडचण मोजण्यात नसून मोजमापे एकमेकांशी जोडण्यात आहे. वीटभट्टीच्या हंगामात कुटुंबे गाव सोडतात, मूल दुसऱ्याच अंगणवाडीत किंवा कुठेच मोजले जात नाही, आणि आलेखाची रेषा तुटते. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे अशाच वाड्यांवर होतात. एकाच वाडीवर सलग दोन-तीन वर्षे शिबिर घेऊन मुलांच्या उंचीच्या नोंदी जपणे त्यांना सहज शक्य आहे; दरवर्षी नवे गाव निवडण्याच्या प्रथेत ही संधी हातची जाते.

पश्चिम भारतात या उणिवेचे एक आनुवंशिक कारणही आढळले आहे. हायपोथॅलॅमसकडून येणारा वृद्धीचा आदेश ग्रहण करणाऱ्या रेणूचे जनुक बिघडल्यास वृद्धी संप्रेरक तयारच होत नाही. हा बिघाड १९९६ मध्ये भारतीय वंशाच्या एका कुटुंबात प्रथम ओळखला गेला आणि १९९८ मध्ये सिंध प्रांतातील बुटक्या व्यक्तींच्या मोठ्या कुळात तोच सापडला. मुंबईतील ज्येष्ठ बाल-अंतःस्रावतज्ज्ञ डॉ. मीना देसाई व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पश्चिम भारतातील मुलांतही तो असल्याचे दाखविले. आई व वडील दोघांकडून बिघडलेली प्रत मिळाली तरच विकार प्रकट होतो. म्हणून नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह प्रचलित असल्याने ही बाब केवळ ग्रंथालयीन महत्त्वाची नाही. एकाच घरातील दोन भावंडे प्रमाणबद्ध पण अतिशय बुटकी असतील, तर कुपोषणापलीकडे पाहावयास हवे.

तपासणीतही एक खाचखळगा आहे. वृद्धी संप्रेरक यकृताकडून आयजीएफ-१ नावाचा पदार्थ तयार करविते व तो मोजणे सोपे असते. परंतु कुपोषित मुलात संप्रेरक भरपूर असूनही यकृत प्रतिसाद देत नाही आणि आयजीएफ-१ कमी भरते. एवढ्यावरून निदान केल्यास भुकेल्या मुलाला इंजेक्शन मिळेल. म्हणून आधी आहार सुधारणे, रक्तक्षय, सीलिअ‍ॅक रोग व अवटू ग्रंथीची मंदता वगळणे, मुलीत टर्नर सिंड्रोमचा विचार करणे, हाताच्या क्ष-किरण चित्रावरून अस्थिवय पाहणे आणि मगच संप्रेरकाची उद्दीपन चाचणी करणे, हा क्रम पाळला जातो.

वयात येण्याचे लांबणे हाही याच विषयाचा भाग होय. मुलगी तेरा वर्षांपर्यंत वा मुलगा चौदा वर्षांपर्यंत वयात येण्याची चिन्हे दाखवीत नसेल तर तपासणी आवश्यक असते. बहुतेक मुलग्यांत हा केवळ उशीर असतो. परंतु कनिष्ठ महाविद्यालयात येऊनही ज्याला मिसरूड फुटलेली नाही व ज्याला वर्गमित्र चिडवितात, तो विद्यार्थी अनेकदा अध्यापकांच्याच नजरेस प्रथम पडतो.

प्रौढांतील अन्य कारणे

शहरी रुग्णालयांत प्रौढांमधील पियुषिकेच्या निकामीपणाचे मोठे कारण म्हणजे ग्रंथीतील गाठी. त्या बहुधा कर्करोगाच्या नसतात. गाठ वर वाढली की दृष्टितंतूंच्या छेदनस्थानावर दाब येऊन दोन्ही बाजूंचे कडेचे दिसेनासे होते. बाजूने येणारी मोटार न दिसणे हे कधी पहिले लक्षण ठरते. गाठीमुळे एखादे संप्रेरक अतिरिक्तही स्रवते. अतिरिक्त वृद्धी संप्रेरकाने हात, पाय व जबडा वाढतो, एसीटीएचच्या अतिरेकाने कुशिंग विकार होतो, तर प्रोलॅक्टिनच्या गाठी बहुधा शस्त्रक्रियेवाचून, केवळ गोळ्यांनी आटोक्यात येतात. डोक्यावरील किरणोपचार, अपघातात डोक्यास मार, क्षयजन्य मेंदुज्वर आणि थॅलॅसेमियात वारंवार रक्त दिल्याने साचणारे लोह ही आणखी काही कारणे.

याहून अधिक आढळणारा, पण या यादीत सहसा न येणारा प्रकार म्हणजे स्टेरॉइडचा अनिर्बंध वापर. सांधेदुखी, दमा किंवा ‘ताकद’ यांसाठी नाव न सांगता दिलेल्या पुड्यांत व गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. ते महिनोन्महिने घेतले की पियुषिका ग्रंथी एसीटीएच स्रवणे थांबविते. पुडी एकाएकी बंद झाली तर रुग्णाची अवस्था शीहानच्या रुग्णासारखीच होते. तेव्हा जुन्या सांधेदुखीच्या रुग्णाला अकारण अशक्तपणा आला, तर पुड्यांची चौकशी आधी करावी.

निदान व उपचार : क्रमाचे महत्त्व

अवटू ग्रंथीची तपासणी म्हणून तालुक्याच्या गावी बहुधा फक्त टीएसएच मोजले जाते. अवटू ग्रंथीचाच दोष असेल तर टीएसएच वाढते व निदान होते. परंतु दोष पियुषिकेचा असेल तर टीएसएच कमी, किंवा चक्क सामान्य भरते, आणि अहवालावर ‘सर्व ठीक’ असा शेरा पडतो. त्यासाठी टीएसएचबरोबर फ्री टी-फोर मोजणे अगत्याचे आहे. फ्री टी-फोर कमी व टीएसएच वाढलेले नाही, एवढ्या विसंगतीवरून पियुषिकेकडे बोट दाखविता येते. दुसरी तपासणी सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्तातील कॉर्टिसॉलची. ते तीन मायक्रोग्रॅमहून कमी असल्यास उणीव जवळजवळ निश्चित होते. मधल्या आकड्यांसाठी उद्दीपन चाचणी लागते. तिसरी गोष्ट रजोनिवृत्तीची. पन्नाशीनंतर स्त्रीचे एफएसएच स्वाभाविकपणे खूप वाढलेले असते. ते तसे नसेल, तर तेही ग्रंथी निकामी असल्याचे गमक आहे. यानंतर एमआरआय, शीहान सिंड्रोममध्ये ग्रंथीचा खळगा रिकामा दिसतो.

उपचारात सर्वांत महत्त्वाचा आहे तो क्रम. आधी कॉर्टिसॉलची भरपाई, मग थायरॉक्सिन. हा क्रम उलटला तर थायरॉक्सिनमुळे शरीराचा चयापचय वाढतो, असलेले थोडेसे कॉर्टिसॉल झपाट्याने संपते आणि रुग्ण प्राणांतिक संकटात सापडतो. केवळ थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर एखाद्या बाईची प्रकृती सुधारण्याऐवजी अधिकच बिघडली, तर ही शक्यता तत्काळ मनात यावयास हवी. संकटसमयी शंभर मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन व शिरेतून सलाइन यांनी काही तासांत पडणारा फरक थक्क करणारा असतो. पुढे नित्य उपचार म्हणून हायड्रोकॉर्टिसोनच्या दिवसाला साधारण पंधरा ते वीस मिलिग्रॅमच्या गोळ्या, दोन-तीन भागांत विभागून, आयुष्यभर घ्याव्या लागतात. तापात हा डोस दुप्पट-तिप्पट करावयाचा असतो, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शनच घ्यावे लागते. मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस व अतिसार यांच्या पावसाळी दिवसांत ही सूचना रुग्णाला व घरच्यांना तोंडपाठ असावी लागते. रुग्णाजवळ मराठीत लिहिलेले, आजाराचे नाव व तातडीचे इंजेक्शन नमूद केलेले कार्ड असावे, ही मोठ्या रुग्णालयांतील पद्धत प्राथमिक आरोग्य केंद्रांनी सहज उचलण्याजोगी आहे.

मुलांतील वृद्धी संप्रेरकाची कहाणी निराळी आहे. १९५८ मध्ये मॉरिस रेबेन यांनी मृत मानवाच्या पियुषिका ग्रंथींपासून काढलेले संप्रेरक प्रथम एका रुग्णात यशस्वीपणे वापरल्याचे जाहीर केले. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे हाच एक स्रोत होता आणि तो सदैव अपुरा पडे. १९८५ मध्ये अशा संप्रेरकातून क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदूचा असाध्य रोग संक्रमित झाल्याचे उघड झाले व त्याचा वापर थांबला. त्याच वर्षी जनुकीय तंत्राने तयार केलेले संप्रेरक अमेरिकेत उपलब्ध झाले. आज तेच वापरले जाते. रोज रात्री त्वचेखाली इंजेक्शन, तेही हाडांची टोके जुळेपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षे घ्यावे लागते. आठवड्यातून एकदा घ्यावयाचे प्रकारही आता निघाले आहेत. मूल जसजसे वाढते तसतसा डोस व खर्च वाढतो, आणि औषध थंड जागी ठेवावे लागते. वीज नसलेल्या वा वर्षातील काही महिने स्थलांतर करणाऱ्या घरात हा उपचार चालविणे किती अवघड आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरण, २०२१ मध्ये सिद्ध झालेली वृद्धी संप्रेरकाची उणीव दुसऱ्या गटात समाविष्ट आहे. २०२२ पासून या धोरणाखाली सर्व गटांतील रुग्णांना ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. ते नियुक्त उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते आणि परळचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे. प्रौढ रुग्णाला अशा योजनेची फारशी गरज पडत नाही. प्रेडनिसोलोन व थायरॉक्सिनच्या गोळ्या आणि हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन ही तिन्ही राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीत आहेत. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या गावच्या दुकानात मिळाल्या नाहीत, तर तीन ते पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सकाळी एकदा घेऊनही रुग्ण पुन्हा शेतावर जाऊ लागतो.